चौकाला एकच फेरी

कोथरूड-कर्वेनगर भागातल्या कितीतरी घरांत इंडियाना हे नाव आता परकं राहिलेलं नाही. १९६२ साली किर्लोस्करांचा हात धरून पुण्यात आलेल्या कमिन्स कंपनीचं मूळ गाव याच अमेरिकन राज्यातलं, कोलंबस नावाचं. तिथे दोन-चार वर्षं काढून आलेल्या इंजिनिअरला विचारा, काय आहे हो तिकडे? मक्याची शेतं, हाडं गोठवणारी थंडी आणि मे महिन्यातली मोटारींची पाचशे मैलांची शर्यत, एवढं तो सांगेल. आणखी खोदून विचारलंत तर म्हणेल, आणि शाळांचं बास्केटबॉल. त्याचं तिथे वेड आहे.

या वेडाचं मापही काढता येतं. न्यू कॅसल हे वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथल्या हायस्कुलाने १९५९ साली बास्केटबॉलसाठी बंदिस्त क्रीडागृह बांधलं, त्यात नऊ हजारांवर माणसं बसतील अशी सोय केली. जवळजवळ निम्मं गाव एका छपराखाली. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना सगळं गाव जसं एकाच वाटेने चालू लागतं, तसं तिथे हिवाळ्यातल्या शुक्रवारी रात्री होतं. शिवाय १९११ पासून १९९७ पर्यंत राज्याची स्पर्धा एकच होती. दीडशे पोरांची खेड्यातली शाळा आणि दोन हजारांची शहरी शाळा एकाच सोडतीत. इंडियानाच्या माणसाला या गोष्टीचा फार अभिमान. १९५४ साली मायलन या खेड्यातल्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने ही स्पर्धा जिंकली आणि त्या विजयावरून सुचलेला ‘हूजियर्स’ हा चित्रपट १९८६ साली आला. खेळावरच्या उत्तम चित्रपटांची यादी कुणी केली की हा त्यात असतोच.

मला सांगायची गोष्ट मायलनची नाही. मायलनने त्या वर्षी अंतिम फेरीच्या वाटेवर ज्यांना ६५-५२ असं हरवलं, त्यांची आहे. ही स्पर्धा सगळ्यांना खुली म्हणतात, पण १९४२ पर्यंत ती या शाळेला बंद होती.

इंडियानापोलिस शहरातलं क्रिस्पस अॅटक्स हायस्कूल. शहराच्या शाळा मंडळाने करदात्यांच्या पैशातून चालवलेलं, बिनफीचं. आपल्या भाषेत नगरपालिकेचं हायस्कूल म्हणा. ते उघडलं १२ सप्टेंबर १९२७ ला. त्याआधी शहरातली काळी मुलं शॉर्टरिज, मॅन्युअल आणि आर्सेनल टेक या तीन हायस्कुलांत गोऱ्या मुलांच्या बरोबरीने शिकत होती. नव्या शाळेने त्यांची सोय झाली, असं मंडळाचं म्हणणं. खरं तर त्यांना त्या तिन्ही शाळांतून उचलून एका इमारतीत ठेवलं गेलं.

या पापाचं खापर बहुतेक ठिकाणी कू क्लक्स क्लॅनवर फोडलेलं दिसतं. १९२०च्या दशकात इंडियानात क्लॅनचा जोर जबरदस्त होता, १९२४ साली निवडून आलेला राज्यपालही त्यांच्या पाठिंब्याचा, हे सगळं खरं. पण वेगळ्या शाळेचा ठराव झाला डिसेंबर १९२२ मध्ये, आणि क्लॅनच्या पाठिंब्याचं शाळा मंडळ निवडून आलं १९२५ साली. त्यांनी आयत्या ठरावावर इमारत चढवली. ठरावासाठी अर्ज कुणी केले होते? शहराच्या व्यापारी मंडळाने आणि नागरिक संघांच्या महासंघाने. टोपी-बुरखा न घालणारी, रविवारी चर्चला जाणारी, चार लोकांत मान असलेली ही माणसं. बुरखेवाल्यांवर सगळं ढकललं की अशा सभ्य लोकांना विचारावं लागत नाही. ही सोय आपल्याकडच्या गावगाड्यातही पाहिलेली आहे. काळ्या समाजातले लोक कोर्टात गेले आणि हरले.

शाळेचं नाव मंडळाने आधी ठरवलं होतं थॉमस जेफरसन. ज्याच्या मळ्यावर गुलाम राबत होते त्याचं नाव गुलामांच्या नातवंडांच्या शाळेला! लोकांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा ते बदललं. क्रिस्पस अॅटक्स म्हणजे ५ मार्च १७७० रोजी बॉस्टनमध्ये इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पडलेला माणूस, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी अशा दोन्ही रक्ताचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी सांडलेलं पहिलं रक्त त्याचं, असं ते लोक मानतात. इमारत नको म्हणून लढले आणि हरले, नावासाठी लढले आणि जिंकले. तेवढंच हातात आलं.

याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी तारखा शेजारी ठेवल्या की मराठी वाचकाला निराळं काही समजावून सांगावं लागत नाही.

हजार मुलांसाठी बांधलेल्या इमारतीत पहिल्याच दिवशी तेराशेहून जास्त मुलं आली. पण त्यांना शिकवायला जे शिक्षक मिळाले, तसे शहरात दुसऱ्या कुठल्याच शाळेला मिळाले नसतील. कारण उघड आहे. काळ्या माणसाने एम.ए. केलं, डॉक्टरेट मिळवली, तरी त्या काळी विद्यापीठात त्याला कोण नोकरी देणार? मग ही माणसं हायस्कुलाच्या फळ्यापुढे उभी राहिली. १९३० ते १९५७ इतकी वर्षं मुख्याध्यापक असलेले रसेल लेन स्वतः कायद्याचे पदवीधर. संगीताचं शिक्षण तर असं, की जे. जे. जॉन्सनसारखा ट्रॉम्बोनवादक आणि डेव्हिड बेकरसारखा जॅझचा मोठा गुरू या शाळेने दिला. शाळेपासून जवळच इंडियाना अॅव्हेन्यू, जॅझच्या क्लबांचा रस्ता. मुलं रात्री तिथे ऐकत आणि सकाळी शाळेत तालीम करत. यावर एक वेगळा लेख होईल. मी खेळाकडे वळतो.

राज्यातल्या शालेय खेळांची जी संघटना होती, तिने अॅटक्सला सभासद करून घेतलं नाही. कारण ऐकण्यासारखं आहे. संघटना ‘सार्वजनिक’ शाळांची, आणि तुमच्या शाळेत फक्त काळीच मुलं येतात, म्हणजे ती सगळ्यांना खुली नाही, म्हणजे ती सार्वजनिक नाही. दार बाहेरून लावायचं आणि आतल्याला विचारायचं, तू बाहेर का येत नाहीस! याच न्यायाने कॅथलिक शाळांनाही बाहेर ठेवलं होतं. त्यामुळे शहरातल्या शेजारच्या शाळांशी सामना नाही. अॅटक्सची पोरं मोटारीत दाटीवाटीने बसून शिकागो, लुईव्हिल, सेंट लुईस असं दूरदूरच्या काळ्या शाळांशी खेळायला जात. वाटेतल्या खाणावळींत वाढत नसत. मुक्काम त्या त्या गावातल्या काळ्या कुटुंबांत. पंधरा वर्षं हे चाललं. १९४२ साली संघटनेने दार उघडलं आणि पुढच्या वर्षी अॅटक्सचा संघ पहिल्यांदा राज्य स्पर्धेत उतरला.

उतरला, पण अदबीने. मुख्याध्यापक लेन आणि तेव्हाचे प्रशिक्षक फिट्झह्यू लायन्स यांचा कटाक्ष होता की मुलांनी पंचांशी हुज्जत घालायची नाही, धक्क्याला धक्का द्यायचा नाही, गोऱ्या प्रेक्षकांना बोलायला जागा ठेवायची नाही. हरलं तरी चालेल, पण वागणुकीला बोट लावता कामा नये. यावर आज नाक मुरडणं सोपं आहे. पण एका मुलाने पंचाला उलट उत्तर दिलं तर उद्या सगळ्या वस्तीचं नाव निघणार, हे लेन यांना ठाऊक होतं, आणि हिशेब त्यांना द्यावा लागणार होता.

१९५० साली संघ रे क्रो यांच्याकडे आला. गणिताचे शिक्षक. इंडियानातल्याच ग्रामीण भागात, गोऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांत वाढलेले. त्यांचा धाकटा भाऊ जॉर्ज हा राज्याचा पहिला ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे १९३९ सालचा सर्वोत्तम शालेय खेळाडू, आणि नंतरचा व्यावसायिक बेसबॉलपटू. गोऱ्यांचं दडपण नावाची जी गोष्ट असते, ती क्रो यांच्या अंगात मुरलेली नव्हती. शिस्त त्यांनी सोडली नाही. अभ्यासात मागे पडलेल्याला किंवा उशिरा आलेल्याला संघात जागा नसे. पण कोर्टावर पोरांना मोकळं सोडलं. पळा, उंच उड्या घ्या, चेंडू घेऊन सुसाट सुटा. आणि पंच? त्यांच्याबद्दल क्रो मुलांना सांगत की पहिले दहा गुण पंचांचे समजा, आपला सामना त्यानंतर सुरू होतो. या हिशेबात तक्रार नाही आणि लाचारीही नाही. अन्याय आहे हे धरूनच चालायचं आणि त्याच्या दहा गुण पुढे राहायचं.

हे वाचताना मला पळवणकर बाळू आठवला. पुण्याच्या जिमखान्यावर मैदान राखणारा, गोऱ्यांना तासन् तास गोलंदाजी करणारा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा. आणि स्वतःच्याच हिंदू संघाबरोबर खेळताना चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यातून पिणारा. त्याला कर्णधारपद कधी दिलं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. संघाला जिंकायचं असतं तेव्हा बाळू लागतो, कप्तान नेमायचा असतो तेव्हा लागत नाही. अॅटक्सची गोष्ट पुढे याच वळणाने जाते.

१९५१ साली अॅटक्सने अँडरसनच्या बलाढ्य संघाला ८१-८० असं हरवलं. शेवटच्या क्षणी चेंडू टाकला बेली रॉबर्टसन या मुलाने. राज्याच्या अखेरच्या चार संघांत अॅटक्स! तिथे हरले, पण वस्तीत त्या रात्री कुणी झोपलं नसेल. बेलीचा धाकटा भाऊ ऑस्कर तेव्हा बारा वर्षांचा. टेनेसीच्या खेड्यातून आलेलं कुटुंब, गरिबी अशी की चेंडू घ्यायला पैसे नाहीत. चिंध्यांचा गोळा रबरबँडने बांधायचा आणि पीचच्या टोपलीत टाकायचा. जवळच लॉकफिल्ड गार्डन्स ही सरकारी वसाहत होती, तिच्या मैदानाला पोरं ‘डस्ट बोल’ म्हणत. धुळीचं भांडं. तिथे मोठी मुलं लहानांना खेळू देत नसत, म्हणून ऑस्कर कुणी नसेल तेव्हा जाई. त्याच्या खेळामागे नुसती उंची नाही, असे तास होते.

१९५४ च्या मायलनविरुद्धच्या सामन्यात तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. त्यानंतर तो हायस्कुलात आणखी दोन वर्षं खेळला, आणि त्या दोन वर्षांत अॅटक्स एकच सामना हरलं. तोही एका गुणाने, कॉनर्सव्हिलकडून, ५८-५७. एव्हाना अॅटक्सच्या स्वतःच्या लहानशा जिममध्ये माणसं मावेनात, म्हणून सामने बटलर विद्यापीठाच्या पंधरा हजारांच्या क्रीडागृहात होऊ लागले. जे संघ पूर्वी अॅटक्सशी खेळायला तयार नव्हते, ते आता तारखा मागायला लागले. तिकिटांचा गल्ला निम्मा-निम्मा वाटला तरी वर्षाचा खर्च निघे. माणुसकीने जे उघडलं नाही ते गल्ल्याने उघडलं, त्यात मला तरी लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

१९५५ चा मार्च. मन्सी सेंट्रलविरुद्ध ७१-७० असा गुणफलक, काही सेकंद उरलेले, चेंडू मन्सीकडे. ऑस्करने मधेच झेप घेऊन तो पळवला. पुढच्या शनिवारी, १९ मार्चला, अंतिम सामना गॅरी रूझवेल्ट या शाळेशी. तीही काळ्या मुलांचीच. ज्या दोन शाळांना तेरा वर्षांपूर्वीपर्यंत स्पर्धेत प्रवेश नव्हता, त्यांच्यातच राज्याचं अजिंक्यपद ठरणार होतं. अॅटक्स ९७, रूझवेल्ट ७४. रूझवेल्टकडून खेळलेला डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सच्या दोन विजेतेपदांचा मानकरी झाला, यावरून त्या रात्रीच्या खेळाची प्रत कळावी. १९११ पासून इंडियानापोलिसच्या एकाही शाळेने ही स्पर्धा जिंकली नव्हती. राजधानीचं शहर चव्वेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहत होतं, ते त्याला त्याने वेगळ्या काढलेल्या मुलांनी आणून दिलं. सर्वांना खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी देशातली ही पहिलीच काळ्या मुलांची शाळा.

शहराच्या मधोमध मॉन्युमेंट सर्कल नावाचा गोल चौक आहे. तिथे २८४ फूट उंचीचं स्मारक उभं आहे, मुख्यतः यादवी युद्धात लढलेल्या इंडियानाच्या सैनिकांचं. म्हणजे ज्या युद्धाने गुलामगिरी संपली त्याचं. त्या लढ्यात झटलेल्या अमेरिकनांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं होतं. आदल्या वर्षी मायलनच्या पोरांना याच चौकात मिरवलं होतं. अॅटक्सचे खेळाडू अग्निशामक दलाच्या बंबावर चढले. बंब चौकात आला, स्मारकाला एक फेरी मारली आणि न थांबता बाहेर पडला. थेट काळ्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्कला. तिथे शेकोटी पेटवून हजारो माणसं वाट पाहत होती. अधिकाऱ्यांना भीती होती म्हणे, की चौकात जमाव जमला तर दंगा होईल, दिवे फुटतील. हा बंदोबस्त सामन्याआधीच ठरला होता.

पार्कात लोक नाचत होते. सोळा वर्षांचा ऑस्कर थोडा वेळ थांबला आणि वडिलांच्या घरी निघून गेला. त्या फेरीबद्दल तो पुढे साठ वर्षं बोलत राहिला. ज्यांनी ती आखली त्यांना कदाचित दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल.

पुढच्या वर्षी अॅटक्सने एकतीसपैकी एकतीस सामने जिंकले. अपराजित राहून अजिंक्यपद मिळवणारा इंडियानाच्या इतिहासातला तो पहिला संघ. लाफायेट जेफरसनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ७९-५७. त्यातले ३९ गुण एकट्या ऑस्करचे. (शाळेला नको झालेलं जेफरसन हे नाव शेवटी असं समोर उभं राहिलं.) ओळीने पंचेचाळीस विजय झाल्यावर ती साखळी तुटली. १९५७ साली ऑस्कर नसतानाही संघ अंतिम सामन्यात पोचला आणि साउथ बेंड सेंट्रलकडून हरला. क्रो यांनी प्रशिक्षकपद सोडलं. सात वर्षांत १७९ विजय, २० पराभव. १९५९ साली तिसरं अजिंक्यपद आलं ते बिल गॅरेट यांच्या हाताखाली. इंडियाना विद्यापीठात खेळून ‘बिग टेन’ गटातल्या बास्केटबॉलमधली वर्णबंदी मोडणारा खेळाडू तो हाच.

ऑस्कर रॉबर्टसनचं पुढचं आयुष्य खेळाच्या कोशांत सापडेल: १९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्ण, १९७१ चं व्यावसायिक विजेतेपद. मला त्यातला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. १९७० साली खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने एनबीएवर खटला भरला आणि १९७६ च्या तडजोडीने खेळाडूंना संघ बदलायचं स्वातंत्र्य मिळवून दिलं. आज बास्केटबॉलपटूंना कोट्यवधी डॉलर मिळतात त्याचं मूळ त्या खटल्यात आहे. मिरवायला नेतात पण थांबू देत नाहीत, हे सोळाव्या वर्षी कळलेल्या मुलाने एकतिसाव्या वर्षी मालकांना कोर्टात खेचलं, असं मी आपलं जोडून पाहतो.

आणि शाळा? अॅटक्स जिंकायला लागल्यावर शहरातल्या इतर हायस्कुलांच्या प्रशिक्षकांना एकाएकी काळी मुलं दिसू लागली. कायद्याने शाळांतली वर्णभेदाची पद्धत १९४९ सालीच बंद झाली होती, पण वस्त्या वेगळ्या असल्याने अॅटक्स काळंच राहिलं. १९७१ साली केंद्रीय न्यायाधीशांनी शहराचं शाळा मंडळ दोषी ठरवलं आणि मुलांची बसने इकडून तिकडे ने-आण सुरू झाली. तोवर आजूबाजूची वस्ती विद्यापीठाच्या विस्तारात आणि महामार्गात निघून चालली होती. भिंत पडली ते योग्यच झालं. पण ते नामांकित शिक्षक, ती तालीम, मुलाच्या घरी जाऊन दार वाजवणारा मास्तर, हे सगळं कुणी दुसऱ्या शाळेत हलवलं नाही. १९८६ साली अॅटक्सचा हायस्कूल दर्जा काढून घेतला आणि तिथे खालचे वर्ग भरू लागले. त्याच वर्षी ‘हूजियर्स’ प्रदर्शित झाला.

त्या चित्रपटात अखेरच्या सामन्यात खेड्यातल्या संघापुढे उभा असतो साउथ बेंड सेंट्रल, म्हणजे १९५७ साली अॅटक्सला हरवणाऱ्या शाळेच्या नावाचा संघ. त्याच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक नीट पाहा. ते रे क्रो आहेत. शेजारी सहायक म्हणून बेली रॉबर्टसन. चित्रण झालं ते बटलरच्या त्याच क्रीडागृहात, जिथे या दोघांनी खऱ्या आयुष्यात इतके सामने जिंकले. पडद्यावर ते हरतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

शाळेच्या इमारतीत १९९८ पासून संग्रहालय आहे, आणि २००६ पासून तिथे टप्प्याटप्प्याने पुन्हा हायस्कूल सुरू झालं, आता वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलांसाठी. कोलंबसहून इंडियानापोलिस गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. कमिन्समधला तुमचा भाचा-पुतण्या तिकडे असेल आणि तुम्ही गेलात, तर शर्यतीचं मैदान दाखवून झाल्यावर त्याला इथे न्यायला सांगा.

२५ मार्च २०१७ रोजी अॅटक्सने ट्विन लेक्स या शाळेला ७३-७१ असं हरवून अठ्ठावन्न वर्षांनी आपल्या गटाचं राज्य अजिंक्यपद मिळवलं. मुलांच्या गळ्यात पदकं घालायला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ऑस्कर रॉबर्टसन उभा होता.